आधी खर्रा, मग ऑपरेशन: नागपुरातल्या एका बॅरिॲट्रिक रुग्णाचं प्रकरण

रुग्ण आणि त्यांच्या पत्नी यांच्या परवानगीने हे लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार, निर्णय आणि त्यांचे परिणाम जसे घडले तसेच ठेवले आहेत. बॅरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलं जाणारं ऑपरेशन, आणि खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं चघळायचं मिश्रण. मी या रुग्णावर उपचार करणाऱ्या चमूतली आहारतज्ज्ञ. वॉर्डात सगळे त्यांना 'भाऊ' म्हणायचे, तेच नाव इथे वापरते.

पार्श्वभूमी

भाऊंचं वय ४४. इतवारीत ठोक किराण्याचं दुकान, घर नागपुरातल्याच महाल भागात. घरी आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. एप्रिलच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा आले तेव्हा वजन १२८ किलो होतं, उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४५. मधुमेहाला सात वर्षं झालेली. तीन प्रकारच्या गोळ्या आणि वर्षभरापासून रात्रीचं इन्शुलिन, तरी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.१. रक्तदाबाची गोळी वेगळी. छातीतली जळजळ इतकी जुनी की तिला ते आजार म्हणायचेच नाहीत. दोन उशा घेऊन झोपायचे आणि ॲसिडिटीच्या औषधाची बाटली उशाशी असायची. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. वहिनींनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "रात्री यांचा श्वासच थांबते, मॅडम. मी जागी राहून वाट पाहत राहते, आता घेतील, मग घेतील."

त्यांचा दिवस सकाळी टपरीवरच्या तर्री पोह्यांनी सुरू व्हायचा. डबा तीनला उघडायचा, मध्ये चार-पाच चहा, दुकान वाढवून घरी जेवायला रात्रीचे साडेदहा. रविवारी मित्रांबरोबर सावजी. याआधी दोनदा त्यांनी पंधरा किलोपर्यंत वजन उतरवलं होतं आणि दोन्ही वेळा ते वर्षभरात परत आलं होतं. यावरून माणसाला मनाचा कच्चा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. वजन घटलं की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचा निरोप देणारी कमी होतात, शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. बीएमआय ४५ असलेल्या माणसाला नुसतं 'कमी खा' म्हणणं हा उपचार होत नाही.

अडचण कुठे होती

भाऊ निर्णय घेऊनच आले होते. बाजूच्या गल्लीतल्या एका व्यापाऱ्याची 'स्लीव्ह' (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) झाली होती आणि त्यांचं वजन चाळीस किलोने उतरलं होतं. भाऊंनाही तेच ऑपरेशन हवं होतं, आणि तेही एप्रिल संपायच्या आत. मुलांना सुट्ट्या आणि दुकान बघायला त्यांचा भाऊ मोकळा, म्हणून. विम्याची पॉलिसी पाच वर्षं जुनी. त्यांच्या हिशेबाने फक्त तारीख ठरायची राहिली होती.

तपासण्यांनी तो हिशेब बदलला. झोपेच्या तपासणीत तासाला सरासरी ४८ वेळा श्वास अडत होता. ३० च्या वर गेलं की त्याला तीव्र स्लीप ॲप्निया म्हणतात. दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकलेला दिसला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिडने पडलेले चरे. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि चरबीने भरलेलं. व्हिटॅमिन डी आणि बी१२ आधीच कमी; लठ्ठ माणसाला पोषण भरपूर मिळत असतं हा गैरसमज अशा वेळी उघडा पडतो. विदर्भात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त, म्हणून ती चाचणीही केली. ती निगेटिव्ह आली.

खरी गाठ सुटली ती भूलतज्ज्ञांच्या खोलीत. नोंदणीच्या फॉर्मवर व्यसनाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं होतं. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "तोंड उघडा, पूर्ण उघडा." भाऊंनी उघडलं. डॉक्टरांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून बघितली, मग दोन. दोनच जेमतेम गेली. पट्टीने मोजलं तर २७ मिलिमीटर. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, बोटाला दोरीसारखी घट्ट लागणारी. "खर्रा किती?" असं सरळ विचारल्यावर उत्तर आलं: दिवसाला चार-पाच, पंधरा वर्षांपासून. फॉर्मवर का नाही लिहिलं? "ते काही व्यसन थोडी आहे मॅडम, दारू-सिगरेटला तर हात नाही लावत मी."

हे उत्तर आम्ही नागपुरात रोज ऐकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणं चालूच आहे, आणि खाणारा त्याला पान-चहाच्या रांगेत बसवतो. भाऊंच्या बाबतीत मात्र या सवयीने ऑपरेशनची तारीख, प्रकार आणि भूल द्यायची पद्धत, तिन्ही गोष्टी बदलल्या.

कोणते पर्याय होते

आधी पात्रता. १९९१ पासून जगभर वापरात असलेला जुना निकष बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५ असा होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला: ३५ च्या वर इतर आजार असो-नसो, आणि आशियाई लोकांसाठी त्याहून कमी पातळीवरही विचार करावा, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. भाऊ कोणत्याही निकषात बसत होते. प्रश्न होता तो काय करायचं आणि कधी.

पहिला पर्याय: ऑपरेशन न करता औषधं. भाऊ आले तेव्हा आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं भारतात उतरली नव्हती. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. आज हाच रुग्ण आला तर त्यांच्याशी याबद्दल मोकळेपणाने बोलावंच लागेल. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मधुमेह असलेल्यांत थोडं कमी. औषध बंद केलं की बरंचसं परत येतं. ऑपरेशनने पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं आणि त्यातलं बरंच टिकतं. बीएमआय ४५ आणि इन्शुलिनवरचा मधुमेह असताना ऑपरेशनचं पारडं आजही जड राहील, असं माझं मत आहे.

दुसरा पर्याय भाऊंच्या आवडीचा: स्लीव्ह. यात जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्त कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी नळी राहते. आतडं जोडावं लागत नाही. पण या नळीत दाब वाढतो, आणि आधीच ॲसिड वर येत असेल तर ते अधिक येऊ शकतं. स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची पाच वर्षं तुलना केली गेली, निकाल २०१८ मध्ये छापून आला. वजन दोन्हींत जवळपास सारखंच उतरलं; पण जळजळ वाढल्याचं प्रमाण स्लीव्हमध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास होतं, बायपासमध्ये ६. अन्ननलिकेला आधीच चरे पडलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

तिसरा पर्याय बायपास: जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करायची आणि लहान आतड्याचा पुढचा भाग आणून तिला जोडायचा. जळजळीसाठी आणि मधुमेहासाठी हा उत्तम. एकाच जोडाचा 'मिनी बायपास'ही आहे, पण त्यात पित्त वर येण्याची शक्यता असते, म्हणून भाऊंसाठी शल्यविशारदांनी तो बाजूला ठेवला.

आणि इथेच पेच होता. जळजळ बायपासकडे बोट दाखवत होती, खर्रा बायपासपासून दूर ढकलत होता. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे तंबाखूमुळे व्रण होतो. तो दुखतो, रक्तस्राव होतो, कधी फुटतोही. चमूतल्या एका डॉक्टरांचं म्हणणं होतं, "हा माणूस खर्रा सोडणार नाही असं धरून चला आणि स्लीव्ह करा, जळजळीला गोळ्या देऊ." दुसरं मत: बायपासच, पण खर्रा सुटल्याशिवाय टेबलावर घ्यायचं नाही. तासभर यावर चर्चा झाली. शेवटी दुसरं मत टिकलं, कारण स्लीव्हनंतर जळजळ वाढून गोळ्यांनी आवरली नाही तर बहुधा पुन्हा ऑपरेशन करून बायपासच करावं लागतं. आणि खर्रा तोंडासाठी तरी सोडावाच लागणार होता.

तारीख पुढे ढकलणं

एप्रिलची तारीख नाकारण्यामागे आणखी एक कारण होतं, ते म्हणजे नागपूरचा उन्हाळा. बायपासनंतर पहिले दोन आठवडे एका वेळी घोट-दोन घोटच पाणी जातं. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, आणि साध्या हवामानातही ते जमवताना रुग्ण थकतात. शरीरातलं पाणी कमी होणं हे ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण आहे. पारा ४५ च्या वर, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आणि महालातलं वरच्या मजल्याचं घर, अशात ही जोखीम विनाकारण वाढली असती. रक्त घट्ट होऊन पायाच्या शिरेत गाठ होण्याची भीतीही तेव्हा जास्त.

भाऊ नाराज झाले. "दुकानाचं कसं करू मी? दिवाळीच्या मालाची बोलणी ऑगस्टमध्येच सुरू होते." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग मधली तारीख शोधली: ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे दिवाळीच्या गर्दीआधी दोन महिने हातात राहतील.

या चार महिन्यांत एक विचित्र काळजी त्यांच्या मनात शिरली: आधीच वजन उतरलं तर विमा मिळणार नाही. ही शंका बऱ्याच रुग्णांना असते आणि तिच्यापायी काही जण मुद्दाम खात राहतात. विमा नियामकाच्या अटीनुसार डॉक्टरांचा सल्ला, १८ वर्षं पूर्ण, आणि बीएमआय ४० किंवा जास्त असावा लागतो. ३५ च्या वर असेल तर अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्नियासारखा आजार आणि इतर उपाय करून झाल्याचा पुरावा. भाऊंना ४० च्या खाली यायला ११३ किलोच्या खाली यावं लागलं असतं, आणि आले असते तरी ते दुसऱ्या अटीत बसतच होते. कागदावर हा हिशेब मांडून दाखवल्यावर ते निवांत झाले. जुन्या आहार-सल्ल्याच्या चिठ्ठ्या, साखरेचे रिपोर्ट, झोपेची तपासणी असं सगळं एका फाइलमध्ये लावलं. पुढे मंजुरी पहिल्याच खेपेला मिळाली.

तयारीचे महिने

खर्रा सोडायला निकोटिनच्या च्युइंगगमपासून सुरुवात केली आणि सहा आठवड्यांत तीही बंद केली. समुपदेशकांनी त्यांच्याकडून दिवसाचा नकाशा लिहून घेतला: खर्रा नेमका कधी हातात येतो? उत्तरं मोठी बोलकी होती. शटर उघडल्यावर, हमाल माल उतरवतात तेव्हा, जेवणानंतर, आणि संध्याकाळी पानठेल्यावर मित्र भेटतात तेव्हा. पहिल्या तीन वेळांना बडीशेप आणि भाजलेले जवस कामी आले. चौथ्या वेळेला काहीच कामी येईना, कारण तिथे ओढ मित्रांची होती. मग संध्याकाळी दुकानातून उशिरा निघण्याऐवजी अर्धा तास आधी निघून मुलाला घेऊन अंबाझरी तलावावर फिरायला जायचं ठरलं. जुलैमध्ये दोनदा लघवीतल्या कोटिनिनची तपासणी केली, तंबाखूचा अंश त्यातून कळतो. दोन्ही निगेटिव्ह. तोंडाचे व्यायाम दंतवैद्यांनी शिकवले, पण उघडझाप फार सुधारली नाही. हा कडकपणा सवय सुटली तरी पूर्ण जात नाही.

झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन रात्रभर लावायची सवय महिनाभरात झाली. वहिनींनाही पहिल्यांदाच सलग झोप मिळाली. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनं जास्त असलेला आहार दिला, कारण यकृत आक्रसलं की शल्यविशारदांना आत जागा मिळते. ऑगस्टमध्ये वजन १२१ आणि एचबीए१सी ७.९ होतं.

घरी वेगळा प्रश्न उभा होता. आई म्हणायच्या, "धडधाकट माणसाचं पोट काऊन कापता बाप्पा?" त्यांना दवाखान्यात बोलावून शल्यविशारदांनी स्वतः बसून समजावलं, धोकेही लपवले नाहीत: जोडातून गळती होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, जीव जाण्याची हजारात एकाच्या आसपास, आणि काहीच न करता असंच राहण्याचाही धोका असतो, फक्त तो हळूहळू येतो. आईंनी शेवटी एवढंच विचारलं की तो पुन्हा आपल्या हातचं जेवेल का. जेवेल, पण वाटीभर, असं उत्तर त्यांना मिळालं.

ऑपरेशन आणि पहिले चार दिवस

तोंड कमी उघडत असल्याने भूल देण्याआधीच, भाऊ जागे असताना, घसा बधिर करून नाकातून लवचीक दुर्बिणीवरून श्वासनळीत नळी टाकली. एप्रिलमध्ये फॉर्मवरचं 'नाही' खरं मानून नेहमीसारखी भूल दिली असती तर श्वासाचा मार्ग हातात न येण्याचा प्रसंग ओढवला असता. ऑपरेशन दुर्बिणीतून, पाच छोट्या छिद्रांतून झालं. पहिली रात्र अतिदक्षता विभागात, सीपॅपसह. त्याच संध्याकाळी त्यांना उभं करून चार पावलं चालवलं.

दुसऱ्या दिवशी नाडी ११८ वर गेली. ताप किरकोळ, पोट मऊ, भाऊ म्हणत होते बरं वाटतंय. अशा वेळी थांबून बघायचा मोह होतो. पण बायपासनंतर वाढलेली नाडी हे गळतीचं पहिलं आणि कधी एकमेव लक्षण असतं. जाड पोटावर हात ठेवून काही कळत नाही. लगेच सीटी स्कॅन केला. गळती नव्हती, फुप्फुसाचा तळ दबलेला होता. दीर्घ श्वास आत ओढायच्या यंत्राचे व्यायाम वाढवले, नाडी दुसऱ्या सकाळी खाली आली. स्कॅन 'फुकट गेला' असं नातेवाईक म्हणाले. मला तो सगळ्यांत योग्य खर्च वाटतो.

इन्शुलिन तिसऱ्या दिवशी बंद झालं. वजन उतरायच्या आधीच साखर खाली येते, कारण अन्नाचा मार्ग बदलला की आतड्यातली संप्रेरकं बदलतात. साखर फार उतरू नये म्हणून मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडही बंद केली, मेटफॉर्मिन तेवढी ठेवली. चौथ्या दिवशी घरी गेले.

ताटावरचे पहिले महिने

आता माझ्या कामाचा भाग. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन कुस्करलेलं, मग मऊ, आणि दोन महिन्यांनी साधं जेवण. प्रत्येक घास बारीक चावून. जेवणाआधी-नंतर अर्धा तास पाणी नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. हे सगळं श्रावणात आलं, आणि भाऊंच्या घरी श्रावणात अंडंही शिजत नाही. म्हणून घट्ट वरण, मुगाचं गाळलेलं सूप, दही, ताक, मिक्सरमधून काढलेलं पनीर आणि व्हे पावडर यांवर तक्ता बसवला. तिखटाची सवय जिभेला होतीच, पण तोंडातली आग आणि ताजा जोड यांमुळे तर्री पूर्ण बंद.

भाऊंना पाठ करून घेतलेली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असावी: उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर थेट आमच्याकडे यायचं, आणि दुसऱ्या कोणी ग्लुकोजची बाटली लावायला घेतली तर आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्यायला सांगायचं. बी१ संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पाचव्या आठवड्यात घरी महालक्ष्म्या बसल्या. पुरण, सोळा भाज्या, आंबील, पानं वाढलेली. आईंनी प्रसाद म्हणून दोन चमचे पुरण दिलं, भाऊंनी खाल्लं. वीस मिनिटांनी घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली. घरातल्यांना वाटलं हृदयविकाराचा झटका. वहिनींनी आडवं झोपवून मला फोन केला. हे 'डंपिंग'. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं. त्यानंतर भाऊंना गोडाबद्दल पुन्हा काही सांगावं लागलं नाही. आई मात्र दिवसभर देवघरासमोर बसून होत्या. 'गोड खाऊ नका' एवढंच न सांगता, खाल्लं तर काय होईल हे वाढणाऱ्या हाताला आधी सांगायला हवं, हे त्या दिवशी पक्कं झालं.

महिनाभरात वजन ११२, तीन महिन्यांत १०३, सहा महिन्यांत ९४. चौथ्या महिन्यात केस कंगव्यात येऊ लागले; झपाट्याने वजन उतरल्यावर हे होतं आणि बहुतेकांचे परत येतात. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी चालू होती. बाजारात लोक विचारायचे, "काय भाऊ, तब्येत बरी आहे नं? एकदम खंगले." कौतुकाची अपेक्षा असते तिथे ही काळजी ऐकून रुग्ण खचतात. भाऊ तर दोन आठवडे दुकानात मागच्या बाजूला बसले. चेहऱ्याची चरबी आधी जाते, त्वचा मागाहून सावरते, हे त्यांना आरशासमोर बसवून सांगितलं.

नववा महिना

मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं. त्या धावपळीत गुडघा दुखायला लागला, मेडिकलवाल्याने अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, त्यात डायक्लोफिनॅक होतं, ज्याने बायपासच्या जोडाला व्रण होऊ शकतो. आठवडाभर घेतल्या. मग चक्कर आणि डांबरासारखी काळी शौच. भरती केलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.४. दुर्बिणीत जोडाजवळ व्रण, म्हणजे ज्याची भीती वर्षभरापूर्वीच्या बैठकीत मांडली होती तोच.

गोळ्या हे एकच कारण होतं का? वहिनींना बाहेर पाठवून मी शांतपणे विचारलं. उत्तर आलं: हळदीच्या रात्री मित्रांनी खर्रा दिला, मग दिवसाला एक. कोटिनिन पॉझिटिव्ह आलं. लोहाच्या आणि बी१२ च्या गोळ्या फेब्रुवारीपासून बंद, "बरं वाटून राहिलं होतं मॅडम, मग काऊन खायच्या?"

उपचार सरळ होते: ॲसिड कमी करणारी कॅप्सूल उघडून, सोबत व्रणावर थर धरणारं सुक्राल्फेट, शिरेतून लोह, वेदनेला फक्त पॅरासिटामॉल, आणि खर्रा पुन्हा शून्यावर. तीन महिन्यांनी व्रण भरला.

काय वेगळं करता येईल

व्रण झाल्यावर बायपासचा निर्णय चुकला, असं म्हणणारे चमूत होते. मी त्यांच्याशी सहमत नाही. जळजळ ऑपरेशननंतर पूर्ण गेली, अन्ननलिकेचे चरे भरले. स्लीव्ह केली असती तर हे मिळालं नसतं. पण खर्ऱ्याचं समुपदेशन ऑपरेशनच्या तारखेला संपलं, आणि पंधरा वर्षांच्या सवयीला चार महिन्यांची मुदत अपुरी होती. ते किमान वर्षभर चालायला हवं, लग्नसराई आणि होळीआधी मुद्दाम फोन करून. ॲसिडची कॅप्सूल तीन महिन्यांनी बंद केली होती. तंबाखूचा इतिहास असलेल्या रुग्णात ती जास्त काळ चालू ठेवणं शहाणपणाचं. रुग्णाच्या पाकिटात मराठीतलं कार्ड असावं: 'माझं बायपास झालं आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका.' नागपुरात अंगदुखीचा पहिला डॉक्टर मेडिकलवालाच असतो, तेव्हा कार्ड त्याच्यासाठी.

वहिनींना आम्ही स्वयंपाकासाठी बोलावलं, पण रक्ताच्या तपासण्यांच्या तारखा कुणी त्यांना दिल्या नाहीत. घरात साखरेच्या नोंदी ठेवणारी बाई तीच होती. पतीच्या फाइलबरोबर तिच्याकडेही तक्ता द्यावा: तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम. कॅल्शियम आणि लोह दोन तासांच्या अंतराने, हेही त्याच कागदावर.

सध्याची स्थिती

वर्षभराने वजन ८७ होतं, दीड वर्षाने ८९. सुरुवातीच्या १२८ वरून सुमारे तीस टक्के कमी. भाऊंच्या मनात ७० होतं; तो आकडा त्यांना कोणी दिला नव्हता, पण कोणी खोडलाही नव्हता. एचबीए१सी ६.२, मेटफॉर्मिन चालू. इन्शुलिन आणि रक्तदाबाची गोळी बंद. श्वास तासाला १४ वेळा अडतो, म्हणून सीपॅप कमी दाबावर अजून लावतात. पोटाची त्वचा सैल आहे; ती काढायचा खर्च विम्यात बसत नाही आणि भाऊंनी सध्या तो विषय मिटवला आहे.

दोन किलो वाढले तेव्हा ते घाबरून आले, पुन्हा सगळं परत येणार म्हणून. तळ गाठल्यावर थोडं वजन वाढणं बहुतेकांत दिसतं. आम्ही तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं: रात्रीचं जेवण पुन्हा साडेदहाला सरकलं होतं आणि संध्याकाळचं फिरणं दिवाळीपासून बंद होतं. तेवढंच दुरुस्त करून तीन महिन्यांनी बघायचं ठरलं. पाच किलोच्या वर गेलं तर इंजेक्शनाचा विचार होईल. तोंडाची तपासणी दंतवैद्य दर सहा महिन्यांनी करतात. शेवटची कोटिनिन निगेटिव्ह आहे, पुढची होळीनंतरच्या आठवड्यात, आणि ती तारीख वहिनींच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे.